खाऱ्या टाकीची क्षारता मोजणारी उपकरणं बिनचूक कशी ठेवावीत

कोरल मिटून बसलं, गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडू लागल्या, की नवा मरीनवाला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्री जीव पाळणारा, नायट्रेट तपासतो, दिव्यांच्या वेळा बदलतो, फिल्टर उपसून धुतो. क्षारताही मोजतो, पण उपकरणावर ३५ दिसलं की त्याच्या लेखी तो विषय संपतो. खरं तर चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी. उपकरण दोन-तीन अंकांनी चुकत असेल, तर टाकीतलं पाणी केव्हाच ३७-३८ वर पोचलेलं असतं आणि वहीत मात्र दर आठवड्याला ३५ लिहिलं जातं. मासे हा फरक बराच काळ सोसतात. कोरल, तारामासे, शिंपले यांना तो सोसवत नाही, कारण त्यांच्या शरीरातल्या पाण्याचा खारटपणा बाहेरच्या पाण्याबरोबरच वरखाली होतो.

म्हणून टाकीत पहिला जीव सोडण्याआधी उपकरण जुळवायला शिका. त्यासाठी महाग काही लागत नाही. मीठ, शुद्ध पाणी, एक चांगला वजनकाटा आणि थोडा वेळ पुरतो.

३५ म्हणजे नेमकं काय

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, म्हणून ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग. याच पाण्याची विशिष्ट घनता, म्हणजे आपण ज्याला एसजी म्हणतो ती, २५ अंश सेल्सिअसला १.०२६४ असते. त्याची विद्युतवाहकता २५ अंशांना ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर आणि प्रकाशाचा अपवर्तनांक २० अंशांना सुमारे १.३३९४ असतो. हे चार आकडे एकाच पाण्याचे आहेत. टाकीजवळच्या भिंतीवर लिहून चिकटवा, कामाला येतील.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडचं कुठलंच उपकरण मीठ मोजत नाही. हायड्रोमीटर पाणी किती जड आहे ते बघतो. रिफ्रॅक्टोमीटर त्या पाण्यातून जाताना प्रकाश किती वाकतो ते बघतो. वाहकता मीटर त्यातून वीज किती सहज वाहते ते बघतो. मग पट्टीवर छापलेल्या किंवा चिपमध्ये भरलेल्या गणिताने त्याचा पीपीटी केला जातो. या गणितात तापमान अमुक आहे आणि क्षार अमुक प्रकारचे आहेत असं आधीच धरलेलं असतं. उपकरणं चुकतात ती बहुतेक वेळा या दोन जागी. तिसरी जागा जुळवणीची, आणि नव्या माणसाचा सगळ्यात जास्त घात तिथेच होतो.

बहुतेक स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरच्या डबीतल्या कागदावर एवढंच लिहिलेलं असतं की शुद्ध पाण्याचे थेंब टाका, स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणा, झालं. पण रिकामा तराजू शून्यावर उभा आहे म्हणून किलोच्या मापाला तो किलोच दाखवेल याची खात्री नसते, तसंच इथेही आहे. शून्यावर अगदी बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या पाण्याला ३३ दाखवू शकतो. मालक बिचारा ३५ दिसेपर्यंत मीठ घालतो आणि टाकी ३७ वर जाते. आपल्याला शून्याजवळ काहीच मोजायचं नाही. आपलं सगळं मोजमाप ३५ च्या आसपास आहे, तर उपकरणही ३५ लाच जुळवायला हवं. त्यासाठी ज्याची क्षारता आधीच पक्की माहीत आहे असं पाणी लागतं. त्याला प्रमाण द्रावण म्हणू.

प्रमाण द्रावण: विकतचं

दुकानात ‘कॅलिब्रेशन फ्लुइड’ म्हणून छोटी बाटली मिळते. घेताना तीन गोष्टी बघा: ते ३५ पीपीटीचं आहे का, कोणत्या उपकरणासाठी आहे, आणि मुदत कधीपर्यंतची आहे. यातला दुसरा मुद्दा लोक सोडून देतात आणि फसतात.

वाहकता मीटरसाठीचं ३५ चं द्रावण साध्या मिठापासून बनवलेलं असू शकतं. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. नुसत्या मिठाचं पाणी वीज थोडी जास्त सहज वाहून नेतं, त्यामुळे समुद्राच्या पाण्याइतकी वाहकता आणायला मीठ कमी लागतं, किलोमागे ३२.९ ग्रॅम. तेच पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर टाकलं तर तिथे ते सुमारे ३१.५ पीपीटीच्या समुद्री पाण्यासारखं दिसतं. आणि बाटलीवर ३५ छापलंय म्हणून तुम्ही स्क्रू फिरवून रेघ ३५ ला नेलीत, तर यापुढे टाकी ३१.५ वर ठेवाल आणि ती ३५ आहे असं समजत राहाल. म्हणून बाटलीवर ‘रिफ्रॅक्टोमीटरसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती रिफ्रॅक्टोमीटरला वापरू नका.

फोडलेली बाटली महिनोन्‌महिने पुरवायची सवयही वाईट. बूच जरा सैल राहिलं की पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि द्रावण हळूहळू ३६-३७ होतं. बुचाच्या कडेला पांढरं मीठ धरलेलं दिसलं की ती बाटली बाद समजा.

प्रमाण द्रावण: घरचं

मला स्वतःला घरचं द्रावण जास्त भरवशाचं वाटतं, कारण ते केव्हा आणि कशाचं केलं हे आपल्याला माहीत असतं. प्रमाणं उपकरणागणिक वेगळी आहेत, ती अशी:

रिफ्रॅक्टोमीटरसाठी ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी.
हायड्रोमीटरसाठी ३७.१ ग्रॅम मीठ आणि ९६२.९ ग्रॅम पाणी.
वाहकता मीटरसाठी ३२.९ ग्रॅम मीठ आणि ९६७.१ ग्रॅम पाणी.

ही तिन्ही द्रावणं आपापल्या उपकरणाला ३५ पीपीटीच्या समुद्री पाण्यासारखीच दिसतात. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. तीन बाटल्या केल्यात तर तिन्हींवर ठळक नावं घाला.

मीठ घ्यायचं ते स्वयंपाकातलं साधं, बारीक, आयोडीनयुक्त. आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ इतके थोडे असतात की या कामात त्यांनी फरक पडत नाही. खडेमीठ, सैंधव, काळं मीठ नको. रक्तदाबवाल्यांसाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर मुळीच नको, त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. टाकीसाठी आणलेला सॉल्ट मिक्सही (समुद्राचं पाणी बनवायचं तयार क्षारांचं मिश्रण) इथे वापरायचा नाही. त्याने किती ओल धरली आहे ते कळत नाही, आणि तो काही नुसतं सोडियम क्लोराइड नसतो.

आपल्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे इथे फार महत्त्वाचं आहे. मिठात शंभराला दोन भाग ओल असली तरी द्रावण साधारण ०.७ पीपीटीने कमी भरतं. म्हणून मीठ आधी कोरडं करा. स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर ठेवा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर परतत राहा. ते इतकं मोकळं व्हायला हवं की चमच्यावरून वाळूसारखं घरंगळेल. मग कोरड्या बरणीत घट्ट झाकण लावून गार होऊ द्या. उघडं ठेवून गार केलंत तर हवेतली ओल पुन्हा पिईल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

आता वजन. मिठाच्या वजनाला ०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा काटा हवा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमचा काटा अर्ध्या ग्रॅमने इकडेतिकडे झाला तर ३६.५ ग्रॅमांत जवळजवळ अर्धा पीपीटी चुकतो. पाण्याला मात्र तोच काटा चालतो, कारण ९६३ ग्रॅमांत एखादा ग्रॅम फारसा जाणवत नाही. बारीक काटा नसेल तर कोरडं मीठ लहान बरणीत घालून ओळखीच्या सोनाराकडे जा. त्याच्या काट्यावर वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का असतो आणि ३६.५ ग्रॅम मोजायला त्याला मिनिटभरही लागत नाही. स्वतःचा छोटा काटा घेतला असेल तर तोही एकदा तिथेच ताडून बघा: एखादी वस्तू दोन्हीकडे तोला आणि फरक काट्याच्या पाठीवर लिहून ठेवा. चमच्याने किंवा वाटीने मीठ मोजायच्या भानगडीत पडू नका. बारीक-जाड दाण्यांप्रमाणे वाटीतलं वजन बदलतं.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं, आणि टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या छोट्या मीटरवर) शून्य किंवा एक-दोन दाखवणारं. ते नसेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीही चालतं, पण आधी टीडीएस बघून घ्या. बोअरचं पाणी अर्थात नको. घरच्या पिण्याच्या आरओ मशीनचंही नको, कारण त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात.

पाणी तोलून स्वच्छ बाटलीत घ्या, त्यात मीठ घाला. कागदाला किंवा वाटीला चिकटलेला दाणान्‌दाणा आत गेला पाहिजे. त्यासाठी त्याच पाण्यातलं थोडं वाटीत घेऊन विसळा आणि परत बाटलीत ओता. बूच लावून चांगलं हलवा, मीठ पूर्ण विरघळू द्या. थोडा दुधाळपणा दिसला तर घाबरू नका, तो मोकळेपणासाठी घातलेल्या पदार्थाचा असतो. रात्रभर ठेवलंत की खाली बसतो, वरचं नितळ पाणी वापरा. बाटली काठोकाठ भरा, बुचावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या, तारीख लिहा आणि उन्हापासून लांब ठेवा. दोन-तीन महिन्यांनी नवं करा. मीठ स्वस्त आहे, कोरल नाही.

किनाऱ्यावर राहणारे विचारतात की समुद्राचंच पाणी आणून त्यावर उपकरण का जुळवू नये. कारण त्याची क्षारता ठरलेली नसते. मोकळ्या अरबी समुद्रात ती ३६ च्या आसपास असते. पण पावसाळ्यात कोकणातल्या आणि गोव्यातल्या नद्या भरून समुद्राला मिळतात तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी बरंच गोडं होतं, आणि खाडीच्या तोंडाशी तर भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा बदलतं. समुद्रविज्ञानाच्या प्रयोगशाळाही बाटलीबंद प्रमाण समुद्रजलावरच यंत्र जुळवतात. १९७८ साली ठरलेलं क्षारतेचं व्यावहारिक मापसुद्धा समुद्राच्या पाण्याला बांधलेलं नाही, ते पोटॅशियम क्लोराइडच्या काटेकोर तोललेल्या द्रावणाला बांधलेलं आहे. आपण मिठाच्या बाटलीने करतो ते घरगुती पातळीवर हेच.

रिफ्रॅक्टोमीटर जुळवताना

आधी तुमच्याकडचा रिफ्रॅक्टोमीटर कोणत्या पाण्यासाठी आहे ते ओळखा. डोळा लावून पट्टी बघा. पीपीटीच्या ३५ समोर १.०२६ च्या किंचित वर रेघ असेल तर तो समुद्री पाण्यासाठी बनवलेला आहे. ३५ समोर साधारण १.०२५ येत असेल तर तो नुसत्या मिठाच्या पाण्याचा आहे. बाजारातले बहुतेक स्वस्त, ० ते १०० पीपीटी आणि १.००० ते १.०७० अशी पट्टी असलेले रिफ्रॅक्टोमीटर या दुसऱ्या जातीचे असतात. अशा उपकरणाला ३५ चं समुद्री पाणी ३६.५ च्या आसपास दिसतं. तो फेकून द्यायची गरज नाही. वरच्या ३६.५ ग्रॅमवाल्या द्रावणावर रेघ ३५ ला आणली की टाकीजवळच्या आकड्यांसाठी तो ठीक चालतो. मात्र त्यानंतर त्यावरची फक्त पीपीटीची पट्टी वाचायची, एसजीची नाही.

कृती अशी:

१. रिफ्रॅक्टोमीटर, प्रमाण द्रावण आणि ड्रॉपर एकाच खोलीत अर्धा तास शेजारीशेजारी ठेवा. खोली २० ते २८ अंशांच्या दरम्यान असलेली बरी.

२. प्रिझम आणि वरची झाकणाची पट्टी आरओ पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा, मग कोरड्या कापडाने. जुन्या पाण्याचा वाळलेला पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, पण नव्या थेंबात विरघळून आकडा वाढवतो.

३. प्रमाण द्रावणाची बाटली हलवा. ड्रॉपर आधी त्याच द्रावणाने विसळा आणि ते पाणी टाकून द्या. मग प्रिझमवर दोन-तीन थेंब सोडा, इतके की पट्टी टेकवल्यावर पूर्ण काच ओली होईल. बुडबुडा किंवा कोरडा ठिपका दिसला तर पुसून पुन्हा.

४. ३० सेकंद ते एक मिनिट थांबा. थेंब आणि प्रिझम एका तापमानाला यायला एवढा वेळ लागतो. ही पायरी बहुतेक जण टाळतात.

५. खिडकीकडे, दिवसाच्या उजेडाकडे तोंड करून बघा. रीफच्या, म्हणजे कोरलच्या टाकीच्या, निळ्या दिव्याखाली कधीच वाचू नका, रेघ धूसर आणि रंगीत दिसते. रात्री वाचायचं असेल तर पांढरा दिवा घ्या. निळ्या-पांढऱ्याची सीमा नीट दिसेपर्यंत डोळ्याकडचं रबर फिरवून फोकस करा.

६. सीमा ३५ वर नसेल तर वरच्या टोपणाखालचा स्क्रू सोबतच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने अगदी थोडा फिरवा. एकदम पाव फेराही देऊ नका. जोर लावून फिरवलात तर स्क्रूच्या आट्या जातात.

७. पुसा, नवे थेंब घ्या, पुन्हा वाचा. लागोपाठ तीन वेळा ३५ आलं की जुळणी झाली. एकदाच आलेल्या ३५ वर विश्वास ठेवू नका.

आता त्यावर शुद्ध पाण्याचे थेंब टाकून बघा. रेघ शून्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ आली तर उपकरण चांगलं आहे. दोन-तीन अंक सरकलेली दिसली तर पट्टीचा चढच मुळात चुकलेला आहे, आणि तो दोष स्क्रूने जात नाही. तरी ३५ वरची जुळणी मोडू नका. शून्य चुकलं तर चुकू दे. फक्त अशा उपकरणाने आजारी माशांच्या टाकीतलं १५-१६ पीपीटीचं कमी क्षारतेचं पाणी मोजू नका, तिथे ते फसवेल. मधला एक ठोकताळा हवा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ०.९ टक्क्यांचं सलाइन उपयोगी पडतं. मिठाची पट्टी शून्यावर जुळवलेली असेल तर तिच्यावर ते ९ च्या आसपास दिसायला हवं, समुद्री पट्टीवर साडेआठच्या थोडं वर.

एटीसी, म्हणजे आपोआप तापमान सांभाळण्याची सोय, याबद्दल फार गैरसमज आहेत. ही सोय साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच काम करते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद खोलीतसुद्धा पारा ३५ च्या पुढे असतो, तेव्हा एटीसी असूनही आकडा हलतो. अशा दिवसांत सकाळी लवकर किंवा एसीच्या खोलीत मोजा, आणि त्याच ठिकाणी आधी प्रमाण द्रावण बघून मग टाकीचं पाणी बघा. एटीसी नसलेलं उपकरण साधारणपणे २० अंशांसाठी बनवलेलं असतं, त्यामुळे आपल्या हवेत त्याला दर वेळी प्रमाण द्रावणाशी ताडण्याशिवाय गत्यंतर नाही.

वापरून झाल्यावर प्रिझम ओल्या कापडाने पुसून कोरडा करायचा आणि डबीत ठेवायचा. नळाखाली धरायचा नाही. आत पाणी शिरलं की पट्टीवर धुकं येतं आणि ते परत जात नाही. टिश्यू पेपरही नको, प्रिझमवर बारीक ओरखडे येतात आणि सीमारेषा पुसट होते.

डिजिटल रिफ्रॅक्टोमीटरची गोष्ट थोडक्यात. त्यात डोळ्याचा अंदाज नसतो, हा मोठा फायदा. पण बऱ्याच मॉडेलमध्ये जुळणी फक्त शुद्ध पाण्याने शून्यावरच करता येते. तेव्हा शून्य करा, मग ३५ चं द्रावण टाकून काय आकडा येतो ते बघा. ३४ आला तर पुढे दर वाचनात १ मिळवायचा आणि ते यंत्राच्या पाठीवर कागद चिकटवून लिहायचं. नमुन्याच्या वाटीवर थेट उजेड पडू देऊ नका, हाताची सावली धरा.

वाहकता मीटर

पेनासारखे वाहकता मीटर आता बऱ्याच जणांकडे दिसतात आणि नीट सांभाळले तर ते फार चांगले असतात. पण आधी एक खुलासा: आरओसाठी वापरतात तो टीडीएस मीटर आणि हा, दोन्ही वेगळे. साध्या टीडीएस मीटरची धाव ९,९९० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत इतके भाग) असते. समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरात, म्हणजे त्याच्या पट्टीपलीकडचं.

वाहकता तापमानाबरोबर दर अंशाला जवळजवळ दोन टक्क्यांनी बदलते. ५३ चं पाणी २७ अंशांना ५५ च्या आसपास वाहकता दाखवेल. मीटर हे गणित स्वतः करतो, पण त्याच्या टोकाचा तापमापक पाण्याइतका गरम किंवा गार झाल्यावरच. म्हणून टोक बुडवून मिनिटभर हळूहळू ढवळा आणि आकडा स्थिर होऊ द्या.

जुळवताना एकदाच वापरायची पुडी मिळते ती सगळ्यात सोयीची. फोडलेली पुडी उद्यासाठी ठेवायची नाही. घरचं ३२.९ ग्रॅमवालं द्रावण वापरणार असाल तर छोट्या पेल्यात नवं ओता आणि काम झाल्यावर फेका, बाटलीत परत ओतू नका. टोक आरओ पाण्याने धुतलं, मग झटकून लगेच द्रावणात घातलं, तर चिकटलेल्या थेंबांनी द्रावण पातळ होतं. त्यासाठी दोन पेले घ्या. पहिल्यात टोक विसळा, दुसऱ्यात जुळणी करा. टोकाच्या खाचेत बुडबुडा अडकला की आकडा कमी येतो, पेल्याच्या बुडाशी हलकेच ठोका म्हणजे तो सुटेल.

टाकीत पंप आणि हीटर चालू असताना मीटर थेट टाकीत घालू नका. थोडं पाणी पेल्यात घेऊन मोजा. महिन्या-दोन महिन्यांनी टोकावर चुन्याचा पांढरा थर चढतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि आरओ पाण्याने धुवा. ब्रशने घासू नका. साफ केल्यावर पुन्हा जुळणी करायचीच.

हायड्रोमीटर

हायड्रोमीटरला लोक उगाच नावं ठेवतात. मोठा, काचेचा, नळीत तरंगणारा चांगला हायड्रोमीटर वर्षानुवर्षं बदलत नाही, कारण त्यात बिघडायला काही नसतं. फक्त तो कोणत्या तापमानासाठी आहे ते बघा, नळीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. १५.६ अंशांसाठी बनवलेला हायड्रोमीटर आपल्या २५-२६ अंशांच्या पाण्यात घातला तर एसजी सुमारे ०.००२ ने कमी दिसते. खरं पाणी १.०२६४ असताना तो १.०२४ दाखवतो. तुम्ही तो १.०२६ वर आणायला मीठ घालता आणि टाकी ३८ च्या जवळ जाते. २५ अंशांसाठीचाच घ्या.

वाचताना पाणी नळीला चढलेलं दिसतं ती कड धरायची नाही, तर सपाट पृष्ठभागाची पातळी धरायची, डोळे पाण्याच्या रेषेत आणून. नळीवर क्षाराचा कण किंवा बोटाचं तेल असेल तर ती जड किंवा हलकी होते, म्हणून वापरण्याआधी आणि नंतर धुवा.

सुई वर-खाली होणारा प्लॅस्टिकचा डबा स्वस्त आणि सोपा, म्हणून नव्यांच्या हाती तोच येतो. त्याच्या सुईला बुडबुडे चिकटले की ती वर तरंगते आणि आकडा जास्त दिसतो. बिजागरीत क्षार धरला की ती मध्येच अडते. पाणी हळू ओता, डबा टेबलावर टेकवून दोन-तीनदा ठोका आणि सुई बोटाने हलवून पुन्हा त्याच जागी येते का ते बघा. जुळवायला स्क्रू नसतो, म्हणून ३७.१ ग्रॅमवाल्या द्रावणावर २५ अंशांच्या आसपास तो काय दाखवतो ते बघून, जिथे सुई थांबते तिथे बाहेरून मार्करने बारीक रेघ मारा. यापुढे ती रेघ म्हणजे तुमचं ३५. वापरून झाला की आरओ पाण्याने धुवा आणि उपडा वाळवा.

गॅरेजमध्ये मिळणारा बॅटरीच्या ॲसिडचा हायड्रोमीटर दिसायला सारखाच असतो, पण त्याची पट्टी १.१०० पासून पुढे जाते. आपल्या कामाचा नाही. ॲसिडला लागलेली वस्तू टाकीजवळ आणूही नका.

किती वेळा ताडायचं

नवं उपकरण आलं की पहिल्या वापराआधी. त्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर महिन्यातून एकदा, वाहकता मीटर दर पंधरवड्याला. उपकरण हातातून पडलं, गाव बदलताना सामानातून आलं, किंवा ऋतू पालटून खोलीचं तापमान एकदम बदललं, की लगेच. टाकीचा आकडा कारण नसताना एका आठवड्यात एकाहून जास्त अंकाने हलला तर आधी उपकरण तपासा आणि मग टाकी.

जमलं तर वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी दोन उपकरणं ठेवा: रिफ्रॅक्टोमीटर आणि काचेचा हायड्रोमीटर ही जोडी खिशाला परवडते. दोन रिफ्रॅक्टोमीटर एकाच तापमानाने एकाच दिशेला चुकू शकतात. वजन मोजणारं आणि प्रकाश मोजणारं उपकरण मात्र एकाच वेळी सारखंच चुकणं अवघड. दोघांत एका पीपीटीहून जास्त फरक पडला तर दोन्ही आपापल्या प्रमाण द्रावणावर ताडा. सरासरी काढून मोकळे होऊ नका, कारण दोघांतलं एक बरोबर असण्याची शक्यता आहे आणि ते कोणतं हे शोधणं हेच काम आहे.

वहीत टाकीच्या आकड्याशेजारी त्या दिवशी प्रमाण द्रावणाने काय दाखवलं तेही लिहा. उपकरण एकाच दिशेला हळूहळू सरकत असेल तर या रकान्यात ते सगळ्यात आधी दिसतं.

टाकी चुकीच्या आकड्यावर निघाली तर

उपकरण जुळवलं आणि कळलं की टाकी ३८ वर आहे. पहिली इच्छा होते ती आजच ३५ करायची. ते करू नका. जीव ज्या क्षारतेत राहिलेत तिथून त्यांना दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त हलवायचं नाही.

समजा टाकीत दगड-वाळू वजा जाऊन २०० लिटर पाणी आहे. ३८ चं ३५ करायला एकूण जवळजवळ १६ लिटर खारं पाणी काढून तेवढंच साधं आरओ पाणी घालावं लागेल. त्याचे तीन भाग करा: रोज पाच-सव्वापाच लिटर काढायचं आणि तेवढंच आरओ पाणी संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, हळूहळू सोडायचं, कोरलवर थेट ओतायचं नाही. दर दिवशी पाणी नीट मिसळल्यावर, म्हणजे दोन-तीन तासांनी, मोजायचं. तिसऱ्या दिवशी शेवटचा भाग घालण्याआधी प्रमाण द्रावण पुन्हा एकदा बघून घ्या. बाष्पीभवनाने उडणारं पाणी नेहमीसारखं आरओनेच भरत राहायचं, ते या १६ लिटरांत धरायचं नाही.

टाकी ३२ वर निघाली तर काम आणखी सोपं. कोरडं मीठ टाकीत कधीही घालू नका. रोज उडालेल्या पाण्याच्या जागी साध्या पाण्याऐवजी ३५ पीपीटीचं तयार केलेलं पाणी भरा. २०० लिटरच्या टाकीतून रोज तीन लिटर उडत असेल तर क्षारता दिवसाला अर्ध्या पीपीटीच्या आसपास चढते आणि सहाएक दिवसांत ३५ होते. त्या काळात रोज मोजा, आणि ३५ आलं त्याच दिवशी ऑटो टॉप-ऑफच्या (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राच्या) डब्यातलं उरलेलं खारं पाणी काढून, डबा धुऊन, त्यात पुन्हा साधं आरओ पाणी भरा.